स्पेक्ट्रमची दुरुस्ती : सप्लायपासून शिरोरेषेपर्यंत

ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीवरून १९८६च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवान्याने विकलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' यांच्यात आतून फारसा फरक नाही. ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम, ४८ किलोबाइट रॅम आणि पडदा, कीबोर्ड, कॅसेट, आवाज अशी उरलेली बहुतेक कामे एकटीने सांभाळणारी फेरांटी कंपनीची यूएलए ही चाळीस पिनांची चिप, एवढ्यावर हा संगणक उभा आहे. नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आजच्या मोबाइलचा बोर्ड उघडून विद्यार्थ्यांसमोर ठेवला, तर बोट ठेवून समजावून सांगता येईल असे त्यात फारसे काही सापडत नाही. स्पेक्ट्रमचा संपूर्ण सर्किट डायग्रॅम मात्र मोठ्या आकाराच्या एका कागदावर मावतो आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक रेषा मीटरच्या टोकाने गाठता येते. परभणीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडचा बंद पडलेला डीबी स्पेक्ट्रम दुरुस्तीसाठी घ्यायला मी लगेच तयार झालो, तो मुख्यतः यासाठी.

सरांनी यंत्राबरोबर मूळ अडॅप्टर, कॅसेटांचा एक डबा आणि एक महत्त्वाची आठवणही दिली. मागच्या कनेक्टरला जॉयस्टिकचा इंटरफेस लावताना पडदा एकदम विस्कटला, आणि त्यानंतर हा संगणक कधीच सुरू झाला नाही. स्पेक्ट्रमला बंद-चालूचे बटण नाही. वायर उपसणे हाच तो बंद करण्याचा मार्ग. त्यामुळे यंत्र चालू असतानाच मागे काहीतरी जोडण्याची सवय त्या काळी अनेकांना लागलेली होती, आणि कनेक्टर किंचित तिरका बसला तरी शेजारच्या पट्ट्या एकमेकींना भिडत. अशा वेळी सर्वांत आधी कोणता भाग जातो हे या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण त्या भागाकडे थेट उडी न मारता क्रमाने जायचे असे मी ठरवले.

क्रमात पहिला येतो तो अडॅप्टर. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट डीसी लागते, आणि त्याच्या गोल प्लगमध्ये आतला भाग ऋण व बाहेरचा भाग धन असतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नऊ व्होल्टच्या अडॅप्टरांत हे नेमके उलटे असते. प्लग सहज आत बसतो, म्हणून तो चालेलच असे समजून कित्येक चांगली यंत्रे लोकांनी गमावली आहेत. मूळ अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक मोठा कपॅसिटर यांखेरीज काही नव्हते. भार नसताना तो बारा व्होल्टच्याही वर जात होता, आणि इतक्या वर्षांनी त्या कपॅसिटरवर विसंबणे मला योग्य वाटले नाही. मी दोन अँपिअरचा नवा अडॅप्टर घेतला, त्याची टोके उलटवून प्लग पुन्हा सोल्डर केला आणि त्यावर लाल टेप लावून ठेवली.

पुढचे काम मी चाचांच्या सोबतीने केले. नांदेडच्या वजिराबाद भागात त्यांनी उभे आयुष्य टीव्ही दुरुस्तीत घालवले आहे. दुकान आता मुलगा मोबाइलसाठी वापरतो, तरी मागच्या खोलीत चाचांचे टेबल, सीरिज बल्ब आणि सोल्डरिंगची हत्यारे जशीच्या तशी आहेत. त्यांनी आयुष्यात संगणकाचा असा बोर्ड पाहिलेला नव्हता, पण तो समोर ठेवताच ते म्हणाले, "सर, पैले सप्लाय देखो, फिर बाकी बातां." मी वर्गात हेच वाक्य अर्धा तास लावून सांगतो.

वरचे झाकण काढताना कीबोर्डच्या दोन चपट्या पट्ट्या बोर्डातल्या कनेक्टरमधून सोडवाव्या लागतात. त्या इतक्या कडक झालेल्या होत्या की हात लागताच एक पट्टी तुटली. ही पट्टी अशी तुटणे हा वयाचा परिणाम असतो. प्लास्टिकमधला मऊपणा टिकवणारा घटक उडून जातो आणि मागे पापडासारखी ठिसूळ पट्टी उरते. त्याचा विचार नंतर करायचा होता. बोर्डावर ७८०५ रेग्युलेटर नऊ व्होल्टचे पाच करतो. त्याच्या बाहेरच्या पिनवर बरोबर पाच व्होल्ट मिळाले, म्हणजे एक चिंता मिटली. आता खालच्या रॅमकडे वळायचे होते. पहिल्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ आयसी असतात आणि त्या जुन्या घडणीच्या असल्यामुळे त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात : पिन १ वर उणे पाच, पिन ८ वर बारा आणि पिन ९ वर पाच. आमच्याकडे पिन ९ ठीक होती. पिन १ वर मात्र शून्य होते आणि पिन ८ वरही बारांचा पत्ता नव्हता.

हे दोन्ही व्होल्टेज बोर्डावरच तयार होतात. एक छोटी कॉइल आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून नऊ व्होल्टपासून बारा बनवतात, आणि त्याच कॉइलवरून निघालेल्या ऋण सप्लायला झेनर डायोड उणे पाचवर आणून ठेवतो. मागच्या कनेक्टरवर शॉर्ट झाला, की पहिला बळी टीआर४ चा जातो, आणि येथेही तो आरपार शॉर्ट झालेला होता. टीआर५ मीटरवर चांगला दिसत असूनही आम्ही दोन्ही बदलले, कारण एकाने जीव सोडताना दुसऱ्याने काय सोसले असेल हे मीटर सांगत नाही. कॉइलची तार जळलेली नव्हती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही सगळेच नवे घातले. दोन टोकांना दोन पाय असलेले आडवे कपॅसिटर सहजी मिळत नाहीत, म्हणून उभ्या कपॅसिटरचे पाय वाकवून, त्यांवर स्लीव्ह चढवून ते बसवले. दिसायला ते ओबडधोबड झाले, पण तिन्ही सप्लाय आपापल्या जागी आले.

उणे पाच व्होल्टचे महत्त्व येथे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. ४११६ मध्ये हा ऋण सप्लाय काम करून घेण्यासाठी नसतो, तर चिपच्या पायथ्याला ऋण बाजूला बांधून ठेवण्यासाठी असतो. तो नसताना बारा व्होल्ट मिळत राहिले तर आतून नको तेवढा प्रवाह वाहतो आणि आयसी भाजून निघते. म्हणूनच टीआर४ बदलून स्पेक्ट्रम लगेच उठला असे क्वचितच घडते. सप्लाय जाताना आठांपैकी एखाददुसरी रॅमही बहुधा सोबत गेलेली असते.

आमच्या बाबतीत ती कोणती, हे पडद्यानेच सांगितले, आणि या संपूर्ण दुरुस्तीत मला सर्वाधिक आनंद झाला तो या टप्प्यावर. वीज मिळताच स्पेक्ट्रमची रॉम सगळ्या रॅममध्ये प्रत्येक ठिकाणी २ हा अंक लिहिते आणि मग तो वाचून रॅम किती आहे याची खात्री करते. पडद्याचे चित्र याच रॅममध्ये साठवलेले असल्यामुळे ही तपासणी डोळ्यांना दिसते. २ म्हणजे आठ बिटांपैकी एकच बिट चालू. म्हणून प्रत्येक आठ ठिपक्यांत एक बारीक उभी रेघ उमटते, आणि रंगाच्या जागेतही २ च लिहिला गेल्याने ती रेघ काळ्यावर लाल दिसते. निरोगी यंत्रात हे दृश्य सेकंदभर दिसून जाते व त्यानंतर पांढऱ्या पडद्यावर सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची स्वामित्वाची ओळ येते. आमच्या पडद्यावर मात्र काळ्याऐवजी हिरवी पार्श्वभूमी होती, प्रत्येक आठ ठिपक्यांत दोन लाल रेघा होत्या आणि चित्र तेथेच थांबलेले होते.

रंगाच्या बाइटमधले पहिले तीन बिट अक्षराचा रंग ठरवतात, पुढचे तीन पार्श्वभूमीचा, आणि उरलेले दोन उजळपणा व उघडझाप. हिरव्याचा क्रमांक ४ आहे. पार्श्वभूमीच्या जागेत तो येण्यासाठी ३२ किमतीचा बिट चालू असावा लागतो. म्हणजे २ लिहिल्यावर वाचताना ३४ मिळत होते. दुसरी लाल रेघही याच बिटाच्या जागी पडत होती. डायग्रॅमवर ३२ चा बिट कोणत्या आयसीकडे जातो ते पाहिले, त्या आयसीवर बोट ठेवले, तर ती शेजारणींपेक्षा स्पष्टपणे गरम होती. चाचांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. टीव्हीच्या पडद्यावरची आडवी रेघ पाहून कोणता विभाग गेला हे सांगणाऱ्या माणसाला ही रीत नवी नव्हती.

खराब ठरलेली आयसी अखंड काढण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. तिचे पाय अंगाजवळ कापून टाकले, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने उपसला आणि भोके डिसोल्डर पंपाने साफ केली. अखंड आयसी ओढून काढण्याच्या नादात बोर्डावरचा कॉपर ट्रॅक उखडला, तर रॅम स्वस्त आणि बोर्ड महाग अशी गत होते. तेथे सॉकेट बसवले. नवी ४११६ मिळवण्यासाठी नांदेडकर पिढ्यानपिढ्या जिकडे जात आले तिकडेच, म्हणजे हैदराबादला गेलो. तिथल्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीत जुना माल ठेवणारे दुकानदार अजून आहेत. त्यांच्या खणांत काय निघेल याचा नेम नाही, आणि खोडून नवा क्रमांक छापलेल्या चिपाही त्यांत असू शकतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त नग घेणे शहाणपणाचे ठरते. नवी आयसी सॉकेटमध्ये दाबून वीज दिली आणि स्वामित्वाची ओळ आली.

वरची ३२ किलोबाइट रॅम मात्र पहिल्यापासून शाबूत होती. पत्ता २३७३२ आणि २३७३३ या दोन जागांतले आकडे एकत्र वाचले, की यंत्राला रॅमचे टोक कुठे सापडले ते कळते. उत्तर ६५५३५ आले, म्हणजे ४८ किलोबाइट पूर्ण. या वरच्या रॅमबाबत एक गमतीची गोष्ट अशी, की खर्च वाचवण्यासाठी सिंक्लेअरने तेथे ६४ किलोबिटच्या अशा चिपा वापरल्या होत्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष ठरलेला होता. बोर्डावरच्या जोडणीने चांगला अर्धा भाग निवडला जाई. आपल्याकडच्या काटकसरीच्या संसारातही ही युक्ती शोभली असती.

पडद्याचा प्रश्न लवकर सुटला. चित्राचा सिग्नल टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला चालेल असा करणाऱ्या मॉड्युलेटरचा आतला भाग बाजूला काढून मूळ चित्राचा (कंपोझिट) सिग्नल सरळ बाहेरच्या सॉकेटवर आणला. स्पेक्ट्रम एका चित्राला ३१२ ओळी पाठवतो, हे प्रमाण टीव्ही प्रक्षेपणाशी तंतोतंत जुळत नाही, आणि काही नवे एलसीडी टीव्ही त्यावर रुसतात. भंगारवाल्याकडून आणलेला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही तो निमूटपणे दाखवतो. कीबोर्डसाठी नवे मेम्ब्रेन, म्हणजे कळांखालचा विद्युतवाहक रेषांचा पातळ प्लास्टिकचा पडदा, परदेशातून मागवले. ते आजही जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींसाठी बनवले जाते. स्पेक्ट्रम प्लसचे मेम्ब्रेन साध्या स्पेक्ट्रमपेक्षा अधिक थरांचे असते, कारण त्यातली 'डिलीट'सारखी बटणे एका दाबात दोन कळांचे काम करतात. ते थर सरळ बसवण्यास वेळ आणि शांत डोके दोन्ही लागते.

उष्णतेची अडचण मात्र पुस्तकात वाचून पुरेशी कळली नव्हती. ७८०५ नऊचे पाच करताना वरचे चार व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो; पाऊण अँपिअर प्रवाह धरला तरी तीन वॅट बंद डब्यात कीबोर्डखाली साठत राहतात. ब्रिटनच्या थंडीत ते खपून जात असेल, पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, पंख्याखालीही अर्ध्या तासात पडद्यावर भलतीच अक्षरे दिसू लागली. ७८०५ काढून त्याच तीन पिनांत बसणारा लहान स्विचिंग रेग्युलेटर लावला, तो फारच कमी वीज उष्णतेत घालवतो. यूएलएवर उष्णता ओढून घेणारा, चिकटवायचा हीटसिंक बसवला, कारण ती चिप गेली तर तिच्या जोडीची दुसरी कोठीतही सापडणार नाही. मूळ भागच ठेवावेत असे मानणारे लोक या बदलाला नाक मुरडतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात यंत्र वापरायचे असेल, तर मला तो वाद निरर्थक वाटतो.

मग सरांच्या कॅसेटा हाती घेतल्या. सर महाविद्यालयाच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवत आणि महिन्यांच्या बेरजांचे स्तंभालेख काढणारा प्रोग्रॅम त्यांनी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला होता. तो कॅसेटवर असावा असे ते म्हणत. स्पेक्ट्रमची माहिती कॅसेटवर ध्वनीच्या रूपात असते. आधी एकसुरी लांब आवाज येतो, तेव्हा पडद्याच्या कडांवर लाल-निळसर जाड पट्टे सरकतात. मग माहितीचा कर्कश खरखराट सुरू होतो आणि पट्टे निळे-पिवळे, बारीक होतात. शून्याची लहर आखूड आणि एकाची तिच्या दुप्पट लांब, एवढ्याच फरकावर सगळे वाचन चालते. प्रत्येक गटाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही की टेप लोडिंग एररचा संदेश येतो आणि तोवर चाललेले सारे वाया जाते.

टेपरेकॉर्डर आमच्या भागात अजून घरोघरी सापडतो, कीर्तनांच्या आणि भारुडांच्या कॅसेटांसह. मात्र त्याचा रबरी बेल्ट बहुधा चिकट लगदा झालेला असतो. बेल्ट बदलला, हेड अल्कोहोलने पुसले आणि हेडशेजारच्या स्क्रूने त्याचा कोन जुळवला. हा कोन कानानेच जुळवावा लागतो : आवाज जिथे सर्वांत धारदार ऐकू येईल तिथे थांबायचे. ज्या रेकॉर्डरवर सरांनी नोंद केली त्याचा कोन निराळा असणार, त्यामुळे दर कॅसेटला हा स्क्रू पुन्हा फिरवावा लागला. जे गट तरीही वाचले गेले नाहीत, त्यांचा आवाज आजच्या संगणकावर नोंदवून घेतला आणि लहरींचे चित्र मोठे करून पाहिले. टेपवरची चुंबकीय पूड झडल्याने काही ठिकाणी आवाज दबला होता. तेवढ्याच भागाची पातळी वाढवून तो पुन्हा स्पेक्ट्रमला ऐकवला, तेव्हा पावसाचा प्रोग्रॅम उतरला.

सरांना तो चालवून दाखवला तेव्हा त्यांनी आधी प्रोग्रॅमच्या ओळींची यादी मागितली. ओळींमागून ओळी वाचत त्यांनी आपल्याच एका जुन्या गणिताला नावे ठेवली आणि मग कीबोर्डवर बसून ते सुधारले. स्पेक्ट्रमवर बेसिकचा शब्द अक्षराअक्षराने लिहायचा नसतो; 'जे' दाबले की 'लोड' आणि 'पी' दाबले की 'प्रिंट' उमटते. ही पद्धत त्यांची बोटे विसरलेली नव्हती. त्यांची एकच तक्रार होती, की आलेखाखाली महिन्यांची नावे त्या वेळी रोमन लिपीत लिहावी लागली. ती देवनागरीत येतील का, या प्रश्नाने आमचे पुढचे काम ठरवून दिले.

स्पेक्ट्रमवर प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसते आणि पडद्यावर अशा ३२ चौकटींच्या २४ ओळी असतात. स्वतःची चित्राक्षरे बनवण्याची सोय आहे, पण ती २१ पुरतीच. त्यांत मराठी वर्णमालेचे काय होणार? म्हणून दुसरा मार्ग घेतला. अक्षरांचे चित्र कोठून उचलायचे हा पत्ता यंत्र २३६०६ आणि २३६०७ या जागांत ठेवते, मूळ अक्षरसंचाच्या २५६ ने आधीचा. ६४००० पासून पुढे ९६ अक्षरांची ७६८ बाइटांची जागा राखून ठेवली, तेथे आपली अक्षरे भरली आणि २३६०७ मध्ये २४९ हा आकडा घातला, की साधी 'प्रिंट' आज्ञा देवनागरी लिहू लागते.

शिरोरेषेसाठी चौकटीची सर्वांत वरची ओळ पूर्ण भरली, त्यामुळे शेजारची अक्षरे आपोआप जोडली जातात. तिच्याखाली सात ओळी उरतात. 'र', 'ग', 'प', 'न' त्यांत सुखाने बसतात; 'ळ' ची दोन वर्तुळे तीन-तीन ठिपक्यांची केली तर ओळखू येतात; 'झ' ला मात्र मान वळवायलाही जागा मिळत नाही. वेलांटी आणि मात्रा वरच्या चौकटीत, उकार खालच्या चौकटीत, म्हणजे मजकुराची एक ओळ पडद्याच्या तीन ओळी खाते आणि एका पडद्यावर आठच ओळी राहतात. आलेखाखालच्या नावांना तेवढ्या पुरतात.

'जून' आणि 'जुलै' पहिल्याच बैठकीत नीट दिसले. 'ऑगस्ट' मध्ये अर्ध्या 'स' साठी वेगळे अक्षर करावे लागले. मराठवाड्यात अनेकदा भरपूर पाऊस देऊन जाणाऱ्या सप्टेंबरचे नाव सर्वांत कठीण गेले : अर्धा 'प' तीन ठिपक्यांत घेऊन 'ट' त्याच चौकटीत बसवला, मात्रा आणि अनुस्वार वरच्या एकाच चौकटीत कोंबले. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी चौकटी आखलेल्या कागदावर ही जोडाक्षरे काढून, प्रत्येक ओळीचा बाइट करून मला आणून दिला, आणि त्यांचा 'प्टें' माझ्या प्रयत्नापेक्षा सुबक होता. आता आलेखाच्या डोक्यावर 'पर्जन्यमान' हे शीर्षक हवे आहे. 'र्ज' चा रफार वरच्या चौकटीत गेला, तो चांगला दिसतो. 'न्य' दोन चौकटींत फाकतो आणि एका चौकटीत घेतला तर 'व्य' सारखा दिसतो, म्हणून तूर्त शीर्षकाच्या जागी नुसते 'पाऊस' लिहून अक्षरसंच कॅसेटवर सेव्ह केला आहे.